एक दांडा मागे जाण्यासाठी

लामत्याला छोटी लाईन होती तेव्हा इंजिनाच्या आत काय चाललंय ते खाली उभं राहून दिसायचं. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. प्लॅटफॉर्म जवळपास जमिनीलगत आणि इंजिन एवढं बुटकं, की ड्रायव्हरचा हात कशावर आहे हे पोराटोरांनाही कळावं. पोरांचं लक्ष भोंग्याकडे असायचं. माझं लक्ष खिळायचं ते एका मुक्या हँडलवर. इंजिन मागे घ्यायचं असलं की ड्रायव्हर आधी ते पूर्ण उभं करायचा, क्षणभर काहीच करायचा नाही, मग ते हँडल पलीकडे टाकायचा आणि त्यानंतरच इंजिन उलट्या दिशेला हलायचं. तो मधला क्षण मला तेव्हा आळस वाटायचा. तो आळस नव्हता हे समजायला पुढे बरीच वर्षं गेली, आणि समजलं तेही रेल्वेमुळे नाही. सरळ रेषेत, डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोवर संपणाऱ्या मोटारींच्या शर्यतीमुळे समजलं.

लामता बालाघाट जिल्ह्यात, बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या मार्गावर. गोंदिया ते जबलपूर ही सातपुड्यातली अरुंद लाईन बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टाकली. साल, साग, बांबू, धान आणि माणसं असं सगळं तिने शंभरेक वर्षं वाहिलं. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती, त्यामुळे इथल्या घरांत मराठी, पोवारी आणि हिंदी एकाच ताटात वाढलेल्या असतात. २०१५ साली नैनपूरची छोटी लाईन बंद झाली, रूळ उखडले, आणि २०२१ च्या सुमारास अख्खा मार्ग १६७६ मिलिमीटरचा, विजेच्या तारांखालचा झाला. आता लामत्याला इंजिन येतं तेव्हा त्याच्या खिडकीकडे मान वर करून बघावं लागतं, आणि आतलं काही दिसत नाही.

सरळ रेषेतल्या शर्यतीचं वेड या पट्ट्याला नवं नाही. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना, भंडारा-गोंदियात तर गावोगाव, धान निघाल्यावर शंकरपट भरायचा. लांब सरळ दाण, हलकीशी गाडी, वर एक धुरकरी आणि पुढे बैलजोडी. वळण नाही, डावपेच नाही. सेकंद मोजायचे, आणि सेकंदाच्या तुकड्यावर गावाची इज्जत ठरायची. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महाराष्ट्रात हा खेळ थांबला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परत सुरू झाला आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा दुरुस्त कायदा वैध ठरवला. कायद्याचं तेवढं पुरे. मला पटावरची एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. सुटण्याआधी तापलेली जोडी चार पावलं रेषेच्या पुढे गेली की तिला मागे घेताना जी त्रेधा उडते, ती पाहण्यासारखी असते. एक माणूस वेसण धरतो, दुसरा जुवाला छाती लावतो, तिसरा चाकाला. पुढे पळायला जन्मलेल्या जनावराला दोन हात मागे घेणं हे त्या सगळ्या खेळातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत धोक्याचं काम असतं. टाळ्या मात्र त्याला कोणी वाजवत नाही.

ड्रॅग रेस म्हणजे मोटारींचा शंकरपट. दोन गाड्या शेजारी शेजारी, समोर दिव्यांचा खांब, पाव मैल म्हणजे ४०२ मीटरचा सरळ पट्टा. अमेरिकेत वॉली पार्क्सने १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली आणि रस्त्यावरच्या या उनाडकीला नियम, तपासणी आणि वजनकाटे दिले. तिथल्या सर्वांत वरच्या वर्गाच्या गाड्या २००८ पासून पाव मैलही पळत नाहीत. स्कॉट कलिटा या ड्रायव्हरच्या मृत्यूनंतर त्यांच्यासाठी अंतर १००० फुटांवर आणलं, म्हणजे पुढे थांबायला जागा उरते. आपल्याकडे या खेळाला स्वतःचे पट्टे फारसे नाहीत, तो विमानांच्या धावपट्ट्यांवर उसनवारीने चालतो. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन'ला गाड्या जमतात. तिथे आलेल्या बहुतेक गाड्या मुळात घरगुतीच, शोरूममधून निघालेल्या आणि मग गॅरेजात वयात आलेल्या. इंजिन बदललेलं, टर्बो चढवलेला, मागची सीट उपटलेली, आणि खूप पुढे गेलेल्यांमध्ये गिअरबॉक्ससुद्धा परका. एकदा गिअरबॉक्स परका आला, की कंपनीने दिलेला दांडा निरुपयोगी ठरतो आणि रिव्हर्स कुठून टाकायचा हा प्रश्न मालकाच्या गळ्यात पडतो.

आता कोणी म्हणेल, पुढे पळायच्या गाडीला रिव्हर्स हवाच कशाला? हवा, कारण शर्यत सुरू होण्याआधी गाडी एकदा पुढे जाऊन मागे येते. मागची चाकं पाण्यात भिजवायची, ब्रेक धरून जागच्या जागी फिरवायची, धूर निघेपर्यंत रबर तापवायचं. तापलेलं रबर चिकट होतं आणि जमीन धरतं. याला बर्नआउट म्हणतात. जोरदार बर्नआउटमध्ये गाडी रेषा ओलांडून बरीच पुढे निघून जाते. मग तिला मागे यायचं असतं, आणि तेही सरळ, स्वतःच टाकलेल्या रबराच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून, कारण सुटताना चाकं त्याच पट्ट्यांवर हवीत. हेल्मेट आणि मानेचा पट्टा घातलेल्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. म्हणून टीममधलं एक माणूस समोर उभं राहून दोन्ही हातांनी खुणा करतं. आपल्या एसटीच्या कंडक्टरची आठवण यावी असं ते दृश्य. फक्त आपला कंडक्टर मागे उभा असतो, पत्र्यावर थाप मारतो आणि 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणता म्हणता अचानक 'बस्स!' ओरडतो. इथे इंजिनाच्या गर्जनेत 'बस्स' कोणाला ऐकू जाणार? सगळा व्यवहार हातांचा.

एके काळी हेही नव्हतं. बऱ्याच ड्रॅगस्टरांत इंजिन थेट चाकांना जोडलेलं असायचं. गिअर नाही, म्हणून रिव्हर्सही नाही. गाडी माणसं ढकलायची, पटावरच्या बैलजोडीसारखीच. नंतर गिअरबॉक्स आले, आणि ते कुठे बसवले होते, तर ड्रायव्हरच्या दोन पायांच्या मध्ये. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या दिग्गजाच्या गाडीतला दोन गिअरचं ट्रान्समिशन सुटतानाच फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्याने अंथरुणातच नवी गाडी आखायला घेतली, इंजिन पाठीमागे असलेली, आणि पुढच्या वर्षी त्याच गाडीने शर्यती जिंकून दाखवल्या. तेव्हापासून या वर्गाच्या ड्रॅगस्टरांचा चेहरा बदलला. मला या घटनेतून एवढंच घ्यायचं आहे की या खेळात एखादी वस्तू शरीरापासून किती लांब आहे, हा प्रश्न सोयीचा नसतो. कधी ती हाताशी हवी असते, कधी ती हाडापासून लांब हवी असते, आणि रिव्हर्सच्या दांड्याच्या बाबतीत दोन्ही एकदम हवं असतं.

अडचण इथेच आहे. ड्रायव्हर पाच टोकांच्या पट्ट्यांनी सीटला जखडलेला. खांदा पुढे येत नाही, कंबर वळत नाही. उघड्या गाडीत तर गाडी उलटली तर हात बाहेर जाऊ नयेत म्हणून मनगटांनाही दोर असतात. एवढ्या बंदोबस्तात दांडा हाताला लागला पाहिजे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमावलीत, जिच्या चौकटीत आपल्याकडची अधिकृत मोटार शर्यतही चालते, रिव्हर्स गिअर चालू स्थितीत असावा आणि ड्रायव्हरला नेहमीसारखं बसलेलं असताना तो टाकता यावा, असं सांगितलेलं आहे. पण हाच दांडा शर्यतीच्या मध्यावर, ताशी दोनशे किलोमीटरला, गिअर बदलणाऱ्या घाईतल्या हाताला चुकूनही लागता कामा नये. लागला तर गिअरबॉक्सच्या चिंधड्या, मागची चाकं जाम, आणि पुढचं सगळं देवाच्या हवाली. अमेरिकन नियम म्हणून ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांना रिव्हर्सवर पक्कं कुलूप, म्हणजे स्प्रिंगचा खटका मुद्दाम उचलल्याशिवाय दांडा तिकडे जाणारच नाही अशी रचना, सक्तीची करतात.

गंमत अशी की ड्रॅग रेसमधली सर्वांत नेमकी सुरुवात रिव्हर्समुळेच होते. जनरल मोटर्सची 'पॉवरग्लाइड' ही दोन गिअरची ऑटोमॅटिक १९५० मध्ये आली आणि १९७३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण ड्रॅगच्या पट्ट्यावर ती आजही मरायला तयार नाही. साधी आणि मजबूत. तिच्यात 'ट्रान्सब्रेक' नावाची करामत बसवतात. बटण दाबलं की पहिला गिअर आणि रिव्हर्स दोन्ही एकाच वेळी धरले जातात. गाडी एकदम पुढे आणि मागे जाऊ पाहते, म्हणून कुठेच जात नाही. इंजिन तापत, गुरगुरत राहतं. हिरवा दिवा लागताच बटण सोडायचं, रिव्हर्सची पकड सुटते आणि गाडी बाण सुटावा तशी निघते. म्हणजे ज्या वस्तूला सगळे घाबरतात, तीच सुटण्याच्या क्षणापर्यंत गाडीला धरून असते.

याच पॉवरग्लाइडच्या सुरुवातीच्या गाड्यांत दांड्याच्या खुणांचा क्रम होता पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो, रिव्हर्स. म्हणजे पुढे ओढणारा सर्वांत ताकदवान गिअर आणि मागे नेणारा गिअर एकमेकांना चिकटून, मधे भिंत नाही. चिखलातून गाडी झुलवत काढायला सोपं जावं अशी त्यामागची कल्पना. चिखलाच्या सोयीसाठी भिंतीत कार शिरायची सोय झाली. राल्फ नेडरने १९६५ च्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकात गिअरच्या या क्रमावर टीका केली, आणि १९६८ पासून अमेरिकेच्या सुरक्षा नियमाने ठरवलं की पुढे आणि मागे यांच्या मध्ये न्यूट्रल असलाच पाहिजे, आणि दांडा पुढे किंवा मागे असताना स्टार्टर चालता कामा नये. लामत्याचा ड्रायव्हर जो क्षणभर 'आळस' करायचा, तो हाच न्यूट्रल. रेल्वेने त्याला जागा दिली होती, मोटारीला ती कायद्याने द्यावी लागली.

आणि शहाणपण एकदा आलं म्हणून टिकतं असंही नाही. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरने जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांतला नवा, नाजूक, इलेक्ट्रॉनिक दांडा ढकलला की परत मध्यावर यायचा, त्यामुळे गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे हाताला सांगता यायचं नाही. लोक पार्क समजून उतरायचे आणि गाडी चालू लागायची. हॉलिवूडचा तरुण नट अँटन येल्चिन त्याच वर्षी जूनमध्ये स्वतःच्या घराच्या उतारावर अशाच घरंगळलेल्या गाडीने चिरडला गेला. जुना लोखंडी दांडा कुरूप असेल, पण तो जिथे टाकला तिथे राहतो आणि अंधारातही सांगतो की मी इथे आहे. माझा कल जुन्याकडे आहे, हे कबूल करून पुढे जातो.

रेल्वेकडे परत येऊ, कारण रिव्हर्सचा सगळा विचार तिथे मोटारीच्या आधी झालेला आहे. वाफेच्या इंजिनात रिव्हर्सचा दांडा उंच, माणसाच्या कंबरेएवढा असायचा आणि खाली खाचांची कमान. पुढे टाकला की पुढे, मधे ठेवला की शून्य, मागे टाकला की मागे. शिवाय सिलिंडरमध्ये वाफ किती वेळ सोडायची तेही त्याच दांड्याने ठरायचं. त्यामुळे ड्रायव्हर वाटभर तो एकेक खाच सरकवत असायचा. मुठीशी एक चिमटा असे. तो दाबल्याशिवाय खिट्टी खाचेतून सुटायची नाही. पण खिट्टी सुटली आणि मूठ ढिली पडली, की वाफेच्या धक्क्याने तो दांडा उसळून यायचा. हातपाय, बरगड्या मोडायच्या. अमेरिकेत मोठ्या इंजिनांवर यंत्राने चालणारा रिव्हर्स १९३० च्या दशकात सक्तीचा झाला तो याच उसळीमुळे. आपल्याकडच्या लहान इंजिनांत हे बळ कमी, तरी दांडा अंगावर येऊ नये म्हणून कसं उभं राहायचं हे शिकवावं लागे.

डिझेलच्या काळात ही भानगड सुटली आणि एक फार देखणी युक्ती आली. रिव्हर्सरचं हँडलच सुटं केलं. थ्रॉटल शून्यावर नसेल तर ते हँडल हलत नाही, आणि रिव्हर्सर न्यूट्रलवर नसेल तर ते बाहेर निघत नाही. ड्रायव्हर इंजिन सोडून जाताना हँडल काढून घेतो. म्हणजे मागे जाणं, पुढे जाणं आणि कोणी भलत्याने गाडी पळवणं, या तिन्हींवर एकच लोखंडाचा तुकडा पहारा देतो. यात वायर नाही, संगणक नाही. नुसते खाच आणि उंचवटे, असे कापलेले की चुकीच्या क्रमाने काही करताच येऊ नये. यंत्र बनवणाऱ्याने माणसाला विनंती करू नये, चुकीचा रस्ताच बुजवून टाकावा, हे मी या हँडलकडून शिकलो.

छोट्या लाईनची डिझेल इंजिनं चित्तरंजनला बनलेली. त्यांत ताकद चाकांपर्यंत जायची ती विजेने नव्हे, तेलाने. इथे एका विसरलेल्या माणसाचं नाव घ्यायला हवं. मनमोहन सुरी. तेलाच्या जोरावर चालणारं त्यांचं 'सुरी ट्रान्समिशन' भारतीय रेल्वेच्या डिझेल शंटिंग इंजिनांत बसलं, १९६२ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला आणि पुढे दुर्गापूरच्या संस्थेत त्यांच्याच काळात 'स्वराज' ट्रॅक्टर जन्माला आला. शंटिंग इंजिनाचं आयुष्य म्हणजे दिवसभर पुढे-मागे. ज्याने ट्रान्समिशनचा विचार शंटिंगसाठी केला, त्याला रिव्हर्स ही दुय्यम गोष्ट वाटणं शक्यच नाही. आणि तेलावर चालणाऱ्या ट्रान्समिशनमध्येही दिशा बदलणारे दात शेवटी लोखंडाचेच. ते इंजिन उभं असतानाच एकमेकांत बसतात. ड्रॅगच्या ऑटोमॅटिक गाडीतही पुढे तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर आणि मागे दातांचे गिअर, हीच घराणी.

आता प्रत्यक्ष दांडा. समजा गॅरेजात एक गाडी उभी आहे, गिअरबॉक्स सीक्वेन्शियल, म्हणजे दांडा नुसता मागे ओढायचा आणि गिअर चढत जायचे, पुढे ढकलायचा आणि उतरत जायचे. अशा बॉक्समध्ये पहिल्याच्या खाली न्यूट्रल आणि त्याच्याही खाली रिव्हर्स असतो. घाईने उतरताना हात दोन खटके जास्त गेला तर थेट रिव्हर्स. म्हणून त्याच्यावर वेगळं कुलूप आणि त्या कुलपाचा वेगळा दांडा लागतो. आपल्या रोजच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे बजाजची ऑटोरिक्षा. हँडलच्या मुठीवर पुढचे गिअर, आणि रिव्हर्सचा दांडा निराळा, खाली सीटपाशी. रिक्षावाला वाकतो, ओढतो, मागे घेतो, परत सोडतो. ती रचना गबाळी दिसते, पण तिच्यात एक शहाणपण आहे. मागे जाण्यासाठी शरीराला वेगळी हालचाल करावी लागते. जी हालचाल वेगळी, ती चुकून होत नाही.

पहिलं काम मोजपट्टीचं नाही, खडूचं. जो गाडी चालवणार त्यालाच सीटवर बसवायचं, हेल्मेट, दुहेरी हातमोजे, मानेचा पट्टा, सगळे बेल्ट श्वास अडेपर्यंत आवळायचे, आणि मग त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत खडू द्यायचा. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून दांडा डाव्या हाताचा. खांदा न उचलता हात जिथवर फिरतो तिथवर गिअरबॉक्सवरच्या बोगद्याच्या पत्र्यावर कमान उमटते. दांडा त्या कमानीच्या आतच हवा, काठावर नाही. काठावर हात पोहोचतो खरा, पण तिथे त्याच्यात जोर उरत नाही. हीच चूक सर्वांत जास्त होते. गॅरेजात बेल्ट न लावता, टी-शर्टमध्ये बसून जागा ठरवतात आणि मैदानावर दांडा चार बोटं लांब निघतो. मीही एकदा ती केली आहे, आणि बर्नआउटनंतर पट्ट्याच्या मधोमध बेल्ट सैल करून वाकावं लागणं किती लाजिरवाणं आणि किती धोक्याचं असतं हे मला माहीत आहे.

मग दिशा. इथे थोडा विचार करावा लागतो, कारण ड्रॅगच्या गाडीत वस्तूंना स्वतःची मतं असतात. सुटताना गाडीतली प्रत्येक गोष्ट मागे खेचली जाते. वरच्या वर्गात तो झटका गुरुत्वाकर्षणाच्या कितीतरी पट असतो. शेवटी पॅराशूट उघडल्यावर तीच वस्तू पुढे फेकली जाते. म्हणजे मागे ओढला की रिव्हर्स पडतो असा दांडा केला, तर सुटण्याचा झटका आपल्या विरुद्ध काम करतो. पुढे ढकलला की पडतो असा केला, तर ब्रेक आणि पॅराशूट. म्हणून रिव्हर्सची हालचाल आडवी ठेवावी, किंवा उचलून मग आडवी. पुढचे गिअर लांबीत, मागचा गिअर रुंदीत. तेवढ्याने अर्धं कुलूप फुकटात मिळतं.

राहिलेलं अर्धं खिट्टीने. पत्र्याच्या पट्टीत खाच कापायची आणि स्प्रिंगच्या जोरावर बसणारी पिन घालायची. पिन उभी असावी, वरून खाली पडणारी, म्हणजे उद्या स्प्रिंग तुटलीच तरी वजनाने ती खाचेतच राहील. उचलायला मुठीखाली कडं द्यायचं, बोटांनी वर ओढता येईल असं. काही गाड्यांत रिव्हर्ससाठी दांड्यावरचं कडं उचलावं लागतं, तसंच. खाचेची कड चौकोनी आणि धारदार हवी, घासून गोल झाली की पिन चढते. दर दोन-तीन शर्यतींनी ती बोटाने चाचपून बघणं हे ऑइल बघण्याइतकंच जरुरीचं.

आता दांड्याचं माप. मुठीने दीडशे मिलिमीटर प्रवास केला आणि खालच्या टोकाला पन्नास हवे असतील, तर प्रमाण तीनास एक. हाताचं पाच किलोचं बळ तिकडे पंधरा किलोचं होतं. प्रमाण आणखी वाढवलं तर दांडा लोण्यासारखा हलतो, पण प्रवास एवढा होतो की कोपर सीटला आपटतं. कमी केलं तर दांडा आखूड आणि कडक. या गणितात मधली वाटच चांगली, आणि शंका असेल तिथे कडकपणाच्या बाजूने चुकावं. रिव्हर्स जरा कडकच असावा.

दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत गज न्यायचा की केबल, यावर गॅरेजात तासन्तास वाद होतात. गज मजबूत दिसतो. पण सुटताना इंजिन आपल्या रबरी पायांवर पीळ खाऊन तिरपं होतं, आणि चॅसिसला ठोकलेला दांडा जागेवरच राहतो. मग तो गज स्वतःच गिअर ढकलतो, माणसाने हात न लावता. गिअर सुटला अशी तक्रार येते तेव्हा दोष अनेकदा गिअरबॉक्सचा नसतो, या पिळाचा असतो. केबलला वाकायची सवय असल्याने ती हा पीळ पचवते. मात्र तिची बाहेरची नळी दोन्ही टोकांना घट्ट धरलेली हवी, वळणं मोठी हवीत, आणि एक्झॉस्टपासून ती लांब हवी, कारण आतलं अस्तर वितळलं की केबल थंड असताना चालते आणि तापली की अडकते. म्हणजे गॅरेजात पास, मैदानावर नापास. केबल तुटलीच तर गिअरबॉक्सच्या बाजूला स्वतंत्र खटका असावा, जो आहे त्या गिअरमध्ये धरून ठेवेल.

मुठीबद्दल एक जुनी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे बी-१७ बाँबर सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोट टेकून बसायचे. पायलट फ्लॅप ओढायला जायचे आणि चाकं आत घ्यायचे, कारण दोन्हींचे खटके शेजारी आणि एकसारखे. अल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ च्या सुमारास सांगितलं की पायलट चुकत नाहीत, खटके चुकतात. चाकांच्या खटक्याला रबरी चाक लावा, फ्लॅपच्या खटक्याला पाचर. चूक थांबली. रिव्हर्सची मूठ म्हणून पुढच्या गिअरच्या मुठीसारखी कधीच असू नये. एक गोल असेल तर दुसरी आडवी. जाड हातमोज्यातूनही फरक कळला पाहिजे. लाल रंग द्यावा, पण रंगावर विसंबू नये. त्या क्षणी डोळे खुणा करणाऱ्या माणसावर असतात. आणि मूठ बोथट, मऊ असावी, दांड्याचं टोक मांडीकडे रोखलेलं नसावं. गार्लिट्सचा पाय आठवा.

दांड्यावर एक स्विच. रिव्हर्स पडला की डॅशवर दिवा आणि गाडीच्या मागे दिवा, म्हणजे ड्रायव्हरइतकंच टीमलाही कळतं. दुसरा स्विच न्यूट्रलचा, त्याशिवाय स्टार्टर फिरू नये. वायरिंगचं हे काम तासाभराचं आहे आणि तेच सर्वांत आधी टाळलं जातं.

अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे वेगळं सांगायला नको. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. ट्रेलरवर घालून मैदानावर, मैदानावरून ट्रेलरवर. ट्रेलरवर चढवताना-उतरवतानाही रिव्हर्स लागतोच, आणि तिथे, उतारावर, चार माणसं आजूबाजूला उभी असताना तो नीट पडला नाही तर काय होतं याचा विचार मैदानापेक्षाही आधी करावा.

दांडा बसवून झाला की शेवटची परीक्षा बसवणाऱ्याने घेऊ नये. त्याचा हात जागा पाठ करून बसलेला असतो. ज्याने गाडी कधी पाहिलेली नाही अशा कोणाला सीटवर बसवायचं, बेल्ट आवळायचे, हातमोजे चढवायचे, डोळ्यांवर फडकं बांधायचं, आणि इंजिन बंद ठेवून म्हणायचं, रिव्हर्स टाक. त्याचा हात आधी पुढच्या गिअरच्या मुठीवर जाईल, थांबेल, परत येईल, चाचपत खाली सरकेल. पहिल्या फटक्यात सापडला तर दांडा फारच उघड्यावर आहे. दहा सेकंदांत सापडला नाही तर फारच लपलेला. सापडला, कडं उचलायला लागलं, आणि उचलण्याआधी तो क्षणभर थबकला, तर पाना परत पेटीत ठेवायला हरकत नाही.